टी-सांधा

दिवसा सत्तेचाळीस होतं.
रात्री एक वाजता तळघराच्या भिंती
ते सगळं सावकाश परत देतायत.
कूलर कोरडा आहे,
कारण टाकीतलं पाणी आम्ही नळीत घेतलंय.

ॲक्रिलिकची नळी, आडवी, चार मीटर.
मध्यावर तिच्या पाठीतून उभी फुटलेली
बोटभर जाडीची एक फांदी.
खाली पाणी वाहतं, वरून हवा.
खरं तर हवेच्या जागी वाफ हवी,
आणि पाणी अणुभट्टीच्या गाभ्यावरून तापून आलेलं.
पण नागपुरात, आमच्या कॉलेजात, एवढंच परवडतं:
कॉम्प्रेसरची हवा, पेंचचं पाणी,
आणि ते दिसावं म्हणून धकातेकाकांनी घातलेली
कपड्यांची चिमूटभर नीळ.

प्रश्न साधा आहे.
कुठे एखादी नळी फुटलीच,
तर वाफ फांदीतून निघून जाईल. जाऊ दे,
वाफेनं जायचंच असतं.
पण जाताना ती पाणी किती ओढून नेईल?
जेवढं नेईल तेवढा गाभा उघडा.
या ‘किती’मध्ये माझी चार वर्षं गेलीत.

काका म्हणतात,
“हवेचं बरं असते मॅडम. फाटा दिसला का वळली.
पान्याच्या अंगात वजन. ते सरळच जाते,
मंग पुढं भिंत असो का काही असो.”
बोलताना ते टेफ्लॉनची पांढरी पट्टी
आट्यांवर गुंडाळत असतात, ताण न सोडता,
पाचपावलीत त्यांचे वडील कांडी भरायचे तशी.
माग विकला तेव्हा काका एकोणीस वर्षांचे होते.
भाऊ सुरतेला गेला. काका आयटीआयला.
एवढंच सांगतात
आणि कॉम्प्रेसरचं बटण दाबतात.

पातळी अठ्ठावीस मिलिमीटर. काही नाही.
तीस. फांदीखाली पाण्याला टेंगूळ येतं, बसतं.
सूत्र म्हणतं, छत्तीसला उठेल.
एकतीस,
आणि टेंगळाचं बोट होतं,
बोट ताणतं, थरथरतं, टोकाशी फाटतं,
निळे तुकडे फांदीत चढत जातात.

पाच मिलिमीटर आधी.
चौदा रात्री आम्ही हे पाच मिलिमीटर शोधतोय.
प्रोब बदलला. पंप बदलला.
गाइडचं मत बदललं नाही.

आज काका फरशीवर गुडघे टेकून बसले,
एक डोळा मिटून, दुसरा नळीच्या रेषेत,
ताण्यात तुटलेला धागा शोधावा तसे.
बराच वेळ. माझा चहा गार झाला.
मग म्हणाले,
“पानी तिकडच्या टोकाले जाऊन
परत येऊन राह्यलं.”
परत?
“लाट हो. बारकी. जानारीवर येनारी चढली
का सांध्याखाली पाच-सा एमएम वरतं येते.
तुमचं मीटर सरासरी दाखवते.
सरासरी थोडीच उठते मॅडम!
उठते थे लाट.”

मी वही मागे मागे उलटत गेले.
सरासरी पातळी, सरासरी वेग, सरासरी दाब,
चार वर्षांचे सरळ आखलेले रकाने.
घरच्या फोनवरसुद्धा माझं हेच असतं,
चाललंय आई, ठीक.

मोजायला नवा कागद घेतला, आणि वीज गेली.
कॉम्प्रेसरनं लांब श्वास सोडला.
फांदीत चढलेलं पाणी
क्षणभर तिथंच थांबलं असावं.
मग अंधारात ते खाली आल्याचं ऐकू आलं,
एक थेंब, तीन, पुष्कळ,
आणि नळीभर हलकं हेलकावणं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत.
आम्ही दोघंही बोललो नाही.

मोबाईलच्या उजेडात काकांनी नोंद केली,
त्यांच्या गोल, आयटीआयच्या अक्षरात:
एकतीसवर उठले. लाट आहे.
लाइट गेली, एक वीस.
टाकीतले पाणी कूलरमध्ये टाकले.
निळे आहे. चालेल.